एकवीस टाके

एर्झुरूममध्ये नोव्हेंबरातच नळ गोठायला लागतात.
गॅसचं बिल आलं त्या दिवशी
मुकर्रेमने ते वाचलं, घडी घातली,
पुन्हा उघडून वाचलं,
जणू दुसऱ्यांदा वाचताना आकडा लाजेल.
आकडा लाजला नाही.
मागच्या दोन खोल्यांचे हीटर तिने बंद केले,
दाराखाली जुन्या स्वेटरची गुंडाळी लावली,
आणि आम्ही चौघं एका खोलीत राहायला आलो.
भाडं मात्र तिन्ही खोल्यांचं.

आमच्या गावात साखर चहात घालत नाहीत.
टणक खडा दाढेखाली धरायचा
आणि त्याच्यावरून चहा जाऊ द्यायचा.
एका खड्यात तीन पेले. माझा बाप चार करायचा.
अशा बापाच्या मुलाकडे चार कार्डं होती.

पहिलं किराण्याचं.
दुसरं पहिल्याचं पोट भरायला.
तिसरं घेतलं ते छत्रीसाठी:
बाजारात टेबल मांडून बसलेला एक पोरगा
सही केली की छत्री फुकट देत होता.
छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली.
चौथं माझ्या कोटाच्या अस्तरात होतं.

दर महिन्याला मी किमान रक्कम भरायचो.
किमान. किती सोज्वळ शब्द!
दारातल्या माणसाला घोटभर पाणी द्यावं
आणि त्याने आत येऊन
आपल्याच पलंगावर घोरत पडावं, तसा.

मुकर्रेम दुलई शिवणाऱ्याची लेक.
दोन कापडांच्या मध्ये काय आहे
हे तिच्या बोटांना न उसवता कळतं.
रविवारी कोटाचं बटण लावताना
तिची बोटं थांबली.
मी टीव्हीचा आवाज वाढवला.

भांडली असती तर बरं झालं असतं.
"यावर काय आहे?"
"इलकायचा लॅपटॉप. नऊ हप्ते."
"आणि?"
"आणि गेल्या हिवाळ्यातला गॅस."
"म्हणजे गेल्या वर्षीची ऊब
आपण अजून फेडतोय," ती म्हणाली.
"ती तर कधीच खिडकीच्या फटीतून गेली."

धाकट्याच्या वहीचं मागचं पान फाडून
तिने चारही कार्डं लिहिली,
ज्याचं व्याज जास्त चावरं ते सगळ्यात वर.
मग बँकेला फोन.
पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली,
मर्यादा वाढवून देऊ का?
"कमी करून दे, पोरी."
बराच वेळ काही ऐकू आलं नाही.
तिच्या पडद्यावर बहुधा तसं बटणच नव्हतं.

दुलई पाहून पाय पसरावेत, असं सासरे म्हणायचे.
त्यांच्या वेळी दुलई धुतल्यावर आटायची.
आता न धुताच आटते,
आणि पाय तर तेवढेच.

छत्रीवालं कार्ड तिने कात्रीने कापलं.
उरलेली तीन आमच्याच दुलईत,
पायाकडच्या कोपऱ्यात, लोकरीच्या आत
बापाच्या लांब सुईने शिवून टाकली.
"लागलं तर उसव. एकवीस टाके आहेत.
तेवढ्यात विचार करून होतो माणसाचा."

डिसेंबरात मी एकदा सहा टाके उसवले.
नवे बूट होते, निम्म्या किमतीत.
सातव्याला नख तुटलं.
सकाळी सहाही टाके पुन्हा घातलेले होते.
ती काही बोलली नाही, मीही नाही.
जुन्याच बुटांत दोन मोजे घालून
पालिकेची बस चालवली.

फेब्रुवारीत बॉयलर गेला. बाहेर उणे सव्वीस.
या वेळी कात्री तिनेच आणून दिली.
कारागीर पैसे घेऊन गेला,
आणि त्याच रात्री ती पुन्हा शिवायला बसली,
लाल दोऱ्याने,
उसवलेलं कुठे ते दिसत राहावं म्हणून.

आता झोपेत पाय लांब केला
की अंगठ्याला काहीतरी कडक लागतं.
मी पाय आखडून घेतो.
पलीकडे इलकायच्या लॅपटॉपचा उजेड,
धाकट्याचा खोकला,
मीटरची टिकटिक.
झोप पुन्हा लागेपर्यंत
अंगठा आपला मोजत राहतो:
तीन हप्ते. नाही, चार.